सासऱ्यांची जगबुडी

आमच्या ग्रंथालयात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'हेहीपहा' म्हणत. तोंडावर 'हेहीपहा साहेब', पाठीमागे नुसतंच हेहीपहा. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. टेलिफोन उचलून ते स्वतःच "हॅलो, हेहीपहा बोलतोय" असं सांगत. सूचीच्या कार्डावर एका पुस्तकाखाली दुसऱ्याचा पत्ता द्यायचा असला की 'हेही पहा' असं लिहायची पद्धत आहे. बाकीचे सूचीकार अगदीच गरज पडली तर लिहितात. यांच्या हातून त्यावाचून एकही कार्ड सुटलं नाही. पुढे पुढे हा रोग बोलण्यात उतरला. वाचकाने स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं, तर "जिन्याखाली, डावीकडे" एवढ्यावर ते थांबत नसत. "वरच्या मजल्यावरही एक आहे, तिथला नळ जास्त चांगला आहे," हे जोडल्याशिवाय त्या अडलेल्या जिवाची सुटका नसे. घरून बटाटे आणायला पाठवलं की पिशवीतून बटाट्यांबरोबर एखादा भोपळा निघे. बायकोने "हा कशाला?" म्हणून विचारलं की म्हणत, "शेजारीच होता."

ग्रंथालय धर्मशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचं. त्यातली सगळ्यात वरची लांबोडकी खोली हेहीपहांची. ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभी, जेव्हा घंटा नव्हत्या, मनोरे नव्हते, चर्चची इमारत म्हणावी असं काही नव्हतं, तेव्हा चार माणसं कोणाच्या तरी घरी जमत, प्रार्थना करत, एका टेबलावर जेवत आणि आपापल्या कामाला जात. या पहिल्या मंडळ्या हा एक विषय. आणि धर्मग्रंथातलं सगळ्यात शेवटचं पुस्तक, जगाच्या अंताच्या दृश्यांचं, हा दुसरा. या दोन विषयांवर छापलेलं जे जे मिळालं ते त्या खोलीत होतं. डाव्या भिंतीला मूळ साधनं: त्या काळातली पत्रं, थडग्यांवरच्या लेखांचे जाडजूड खंड, उकिरड्यात सापडलेल्या चिठ्ठ्याचपाट्यांची छायाचित्रं, उत्खननात निघालेल्या घरांचे नकाशे, आणि 'या माणसांचं करायचं तरी काय?' असं सम्राटाला विचारणारी एका गोंधळलेल्या रोमन सुभेदाराची चौकशी. उजव्या भिंतीला अभ्यासग्रंथ. म्हणजे डावीकडे त्या लोकांचं बोलणं आणि उजवीकडे त्या बोलण्याबद्दल इतरांचं बोलणं. उजवी भिंत अर्थातच कितीतरी लांब होती. मी नियतकालिकं सांभाळायचो, माझं टेबल त्याच खोलीत खिडकीपाशी, त्यामुळे या दोन्ही भिंतींची मला चांगली ओळख होती आणि मधल्या माणसाची तर फारच.

हेहीपहा निवृत्तीच्या जवळ आले तेव्हा संचालकबाईंनी त्यांना एक काम दिलं. नवख्या विद्यार्थ्याला या खोलीत बोट धरून फिरवेल असा एक छापील वाटाड्या तयार करायचा. बाईंच्या डोळ्यांसमोर एक सुटसुटीत पुस्तिका होती. सुटसुटीत या शब्दाशी हेहीपहांचं जन्मात कधी जमलं नव्हतं. त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले. जे कपाटात आहे ते वाटाड्यात येणारच. आपल्याला आवडत नाही म्हणून गाळायचं नाही. आणि प्रत्येक नोंदीखाली सरळ लिहायचं, यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही.

एका भल्यामोठ्या भाष्याखाली त्यांनी लिहिलं: 'मिळेल: प्रत्येक शब्दाचा इतिहास. मिळणार नाही: पुढचं वाक्य.' नकाशांच्या पुस्तकाखाली: 'मिळेल: मंडळ्यांच्या गावांमधली अंतरं. मिळणार नाही: वाटेतले चढ.' थडग्यांच्या लेखांखाली: 'मिळेल: माणसं, त्यांचे धंदे, कोण कोणाची बायको. मिळणार नाही: त्यांची मतं. दगडावर अक्षर कोरून घ्यायचं म्हटलं की माणूस मतं आवरती घेतो.' आणि एका नामवंत विद्वानाच्या ग्रंथाखाली: 'पहिला भाग वाचकाने जपून वाचावा. दुसरा लेखकाने जपून लिहायला हवा होता.'

संचालकबाई चष्मा काढून म्हणाल्या, "हे असं छापायचं?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही हो. पण लोक दुखावतात."

"मी माणसांबद्दल कुठे लिहिलंय? पुस्तकांबद्दल लिहिलंय. पुस्तकं दुखावत नाहीत."

हे वाक्य त्यांच्या घशात अडकायला फार दिवस लागले नाहीत.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत त्यांचे सासरे राहत. निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. गावाच्या जुन्या भागातल्या एका लहानशा मंडळीचं पाळकपण त्यांनी जन्मभर केलं. आता पाय थकले होते, दृष्टी मंदावली होती, जीभ तेवढी कामावर होती. भरात असताना त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. निळ्या वेष्टणाचं, अंगाने किडकिडीत, विषयाने मात्र अवाढव्य: जगाचा अंत कधी होणार. नुसता होणार असं नव्हे, कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, सगळं खुलासेवार. धर्मग्रंथाच्या त्या शेवटच्या पुस्तकात सात शिक्के फुटतात, मग सात कर्णे वाजतात, मग सात वाट्या ओतल्या जातात. पाळकसाहेबांनी ते सगळे सात एकापुढे एक मांडले, दिवसाला वर्ष धरलं आणि बेरीज केली. उत्तर दारातच उभं असलेलं निघालं.

ते वर्ष आलं, ऋतू आला, प्रहर आला, आणि तिघंही आपापल्या वाटेने निघून गेले. पानं गळायची तेवढी गळली आणि पुढे पुन्हा फुटली.

त्याच वर्षी हेहीपहा, तेव्हाचे नवे कोरे सहायक सूचीकार, पाळकसाहेबांकडे त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेले होते. पाळकसाहेब कडाडले, "जगबुडी तोंडावर आलीय आणि तुम्हाला लग्नं सुचतायत?" मुलगी आतून म्हणाली, "म्हणून तर घाई आहे, बाबा." शेवटी जग शिल्लक राहिल्यावर दोघांचं लग्न झालं.

ही मुलगी पुढे शाळेत गणित शिकवू लागली. बापाचा हिशोब चुकला म्हणून लेकीने गणित धरलं, अशी शिक्षकांच्या खोलीत थट्टा चाले. उजव्या भिंतीवरची पुस्तकं वाचता वाचता हेहीपहांना चूक नेमकी कुठे झाली ते कळलं होतं. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं, की ते शिक्के, कर्णे आणि वाट्या एकामागून एक येत नाहीतच. एकच गोष्ट तीनदा, दर वेळी वेगळ्या बाजूने सांगितलेली आहे. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा गणिताच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे बाबांनी एकच पाहुणा तीनदा मोजला आणि तिघांचा स्वयंपाक करून ठेवला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण बेरीज बरोबर होती हं. मांडणी चुकली. मी मुलांना दोन्हीचे गुण वेगळे देते."

अंत हुकल्यावर पाळकसाहेबांनी घरोघर जाऊन त्या पुस्तकाच्या प्रती परत मागून घेतल्या होत्या. त्यांचं काय केलं ते कधी सांगितलं नाही. "त्या हिवाळ्यात आमचं घर फार छान उबदार होतं," एवढंच त्यांची मुलगी सांगते. एक प्रत मात्र आधीच कोणीतरी आमच्या ग्रंथालयाला भेट देऊन टाकली होती, आणि ग्रंथालयाच्या पोटात गेलेली वस्तू परत येत नाही. ती निळी प्रत उजव्या भिंतीवर, वरच्या रांगेत, अभ्यासग्रंथांमध्ये अंग चोरून उभी होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. त्या दुपारी पाळकसाहेबांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "जावईबापू, तुमचा वाटाड्या कुठवर आला?"

"उजव्या भिंतीवर आलोय, बाबा. वरची रांग चाललीय."

"वरची म्हणजे... ते निळंही तिथेच, नाही का?"

"तिथेच."

पाळकसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "गाळा ते."

"बाबा, कपाटात आहे ते—"

"माहितीय तुमचा नियम. एक पुस्तक गाळल्याने कोणाचं काय अडणार आहे? अख्खं जग बुडायचं राहिलं तेव्हासुद्धा कोणाचं अडलं नाही."

"मुळीच गाळायचं नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "बाबांनी एवढे कष्ट करून लिहिलंय. घालायचं, आणि चांगलं लिहायचं."

"चांगलं म्हणजे काय लिहू?" हेहीपहांनी विचारलं.

"लिहा, भाषा ओघवती आहे."

"ओघवती आहेच. पण ओघ गेला कुठे असं पोरं विचारतील ना."

"जगातल्या सगळ्या पुस्तकांत तुम्हाला काही ना काही मिळतं. उकिरड्यातल्या चिठ्ठीतसुद्धा मिळतं! आणि माझ्या बापाच्या पुस्तकात काही मिळत नाही?"

हेहीपहांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. परक्याच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला अशा वेळी पाण्याचा पेला फार उपयोगी पडतो.

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "छापून आलं की ती तुमची पोरं वाचतील. हसतील. हसावंच. मी काही तिथे ऐकायला नसेन. पण मला इथे बसल्या बसल्या ऐकू येईल, एवढंच आपलं म्हणणं."

हेहीपहा पुरते कात्रीत सापडले. गाळावं तर आजवर पाळलेला नियम मोडायचा, आणि तोही घरच्या माणसासाठी. खरं लिहावं तर सासऱ्यांच्या म्हातारपणी त्यांना चारचौघांत उभं करायचं. गोड लिहावं तर वाटाड्यातली बाकीची प्रत्येक ओळ खोटी पडायची. आणि बायकोला तर तेच हवं होतं.

दिवस जात राहिले. बाकीच्या सगळ्या नोंदी तयार झाल्या. त्या एका कार्डावर नाव होतं, खाली 'मिळेल' होतं, 'मिळणार नाही' होतं, आणि दोन्हींपुढे कोरी जागा. छापखान्यातून विचारणा सुरू झाली. संचालकबाई दारातून डोकावून "झालं?" असं भुवयांनीच विचारून जात. पण हेहीपहांचं काही खरं नाही हे मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एका वाचकाने त्यांना स्वच्छतागृह कुठे असं विचारलं, आणि ते म्हणाले, "जिन्याखाली." आणि गप्प बसले. वाचक बिचारा पुढच्या वाक्याची वाट बघत उभाच राहिला.

एका सकाळी ते संचालकबाईंकडे बैठकीला गेलेले असताना पाळकसाहेब स्वतः आमच्या खोलीत आले. जिने चढून त्यांना धाप लागली होती. मी खुर्ची दिली. जरा दम खाऊन म्हणाले, "एक पुस्तक घरी न्यायचंय. सभासद व्हावं लागतं का?"

"या खोलीतलं पुस्तक बाहेर जात नाही, पाळकसाहेब. इथेच बसून वाचायचं."

"मीच लिहिलेलं असलं तरी?"

"मग तर वाचायचीही गरज नाही."

ते हसले. "बरं, बसून बघतो," म्हणाले. मी निळं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या अंकांकडे वळलो. बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. जिन्यावर काठीचा आवाज खाली खाली चालला होता.

हेहीपहा परत आले आणि दारातूनच त्यांना वरच्या रांगेतली फट दिसली. आईला पोराच्या तोंडातली पडलेल्या दाताची जागा दिसावी तशी.

"बाबा आले होते?"

"आले होते."

"कोट घालून?"

"नाही. नुसत्या सदऱ्यावर."

"मग पुस्तक इथेच आहे." ते खोलीच्या पार टोकाला गेले. तिथे एका जुन्या मद्यपाननिषेध सभेचे वार्षिक अहवाल बांधून ठेवलेले आहेत. ते आजतागायत कोणी मागितलेले नाहीत, अगदी पिणाऱ्यांनीसुद्धा. त्या सभेचे चिटणीस एके काळी पाळकसाहेबच होते. हेहीपहांनी अहवालांमागे हात घातला आणि निळं पुस्तक बाहेर काढलं.

मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेव्हाच. आमच्या धंद्यात चोरीपेक्षा हे वाईट. चोरीला गेलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मागवता येते. चुकीच्या जागी खोचलेलं पुस्तक घरातच असतं आणि तरी नसतं. त्यांनी घरी टेलिफोन लावला. "उद्या तुझी शाळा नाही ना? बाबांना घेऊन ये. भांडायचंय. अगं घरी कसं भांडणार, पुस्तक बाहेर जात नाही!"

दुसऱ्या दिवशी ते तिघं मधल्या टेबलापाशी बसले. टेबलावर निळं पुस्तक आणि त्याच्याच वर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. त्यामुळे एका सभ्य कुटुंबाचं सगळं भांडण कुजबुजत चाललं. मी अंक चाळत होतो असं म्हणायला हरकत नाही.

"बाबा, चोरलं असतंत तर मी समजू शकलो असतो. पण चुकीच्या जागी ठेवलंत?"

"चोरणं पाप आहे."

"आणि लपवणं?"

"मी लपवलं नाही. कोणी वाचणार नाही अशा जागी ठेवलं. तुमच्या भाषेत त्याला मांडणी म्हणतात."

मुलीला हसू फुटलं. तिने तोंडावर रुमाल धरला.

"तू काय हसतेस? तुलाच हवंय ना चांगलंचुंगलं लिहिलेलं?"

"हवंय. का नको?" तिचं हसू गेलं. "तुमच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही म्हणून काय झालं, बाबा. तुमच्या पुस्तकाचं नाव कोणी काढलं की लोक मला बघून विषय बदलतात. लग्नाआधीपासून बदलतायत. एकदा कोणीतरी त्याच्याबद्दल सरळ बोलावं, एवढंच मला हवंय."

मग हेहीपहांनी विचारलं, "बाबा, लाज कशाची वाटते? चुकलात त्याची?"

"छे. चुकतो माणूस." पाळकसाहेब पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "कोणी रागावलं नाही, त्याची."

मग त्यांनी सांगितलं. मुलीनेही हे कधी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

"त्या सकाळी सगळी मंडळी आमच्या सभागृहात जमली होती. ठेवणीतले कपडे घालून. शिंप्याने घेतलेलं सगळं काम आधीच पुरं करून ज्याचं त्याला नेऊन दिलं होतं. उसवलेली बाही ठेवून देवापुढे कसं जायचं, म्हणाला. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत, ते एका बाकावर बसले होते. ऊन खिडकीतून आत आलं. बाकावर चढलं. भिंतीवर चढलं. मी समोर उभा. सगळे माझ्याकडे बघतायत आणि माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. इतकं पाठांतर, एवढे अध्याय, आणि त्या वेळी एक वाक्य सापडेना. शेवटी पावरोटीवाली मावशी उठली. मला वाटलं, आता ही माझे वाभाडे काढणार. ती म्हणाली, 'पाळकसाहेब, आज मी भट्टी लावलेली नाही. ही एवढी माणसं खाणार काय? कोणी पीठ मळायला येता का?' आणि सगळे उठले. ठेवणीतले कपडे घालून गेले पीठ मळायला. ते दोन भाऊ लाकडं फोडत होते. मी पण मळलं. माझा गोळा फार घट्ट झाला, असं म्हणाली."

"आणि नंतर?" हेहीपहांनी विचारलं.

"नंतर काय. पुढच्या आठवड्यात मी पुस्तकं परत मागायला निघालो. वाटलं, दारातून शिव्या मिळतील. सगळ्यांनी आत बोलावून चहा दिला. शिंपी तेवढा म्हणाला, 'पुढच्या वेळी जरा आधी सांगा हो, बोटं सुजली माझी.' बस. रविवारी सगळे पुन्हा आले. पहिल्यासारखे. त्यांनी मला खडसावलं असतं तर मी माफी मागितली असती. त्यांनी ती संधीच दिली नाही. ती न मागितलेली माफी मी तशीच अंगावर घेऊन फिरतोय."

मग हेहीपहा उठले, त्यांनी निळं पुस्तक उचललं आणि खोली ओलांडून ते डाव्या भिंतीपाशी गेले. मूळ साधनांकडे. तिथे सगळ्यात खालच्या फळीवर थोडी जागा होती.

"तिकडे कुठे?" पाळकसाहेबांचा आवाज पाटीला न जुमानता वर गेला. "मला थडग्यांशेजारी ठेवताय?"

"शेजार शांत आहे, बाबा."

"मी अजून जिवंत आहे!"

"तेच तर सांगतोय." हेहीपहा परत येऊन बसले, आणि कुजबुजायचं विसरून बोलू लागले. "या भिंतीवर मला सगळं मिळतं. त्या पहिल्या मंडळ्या कशाची वाट बघत होत्या ते मिळतं. वाट बघताना काय खात होत्या, कोणाला सांभाळत होत्या, कोणावर चिडत होत्या, तेही मिळतं. पण ज्याची वाट बघितली ते आलं नाही, त्या सकाळी त्यांनी काय केलं? मी नोकरीला लागल्यापासून शोधतोय. कुठे एखादी ओळ, कुठे अर्धी. आणि तसली सकाळ काढलेला माणूस माझ्याच घरात पुढच्या खोलीत बसून पायमोजे शोधत असतो!"

"म्हणजे मी तुमचा नमुना?"

"साक्षीदार. उजव्या भिंतीवर पुस्तक असलं की लोक एकच विचारतात, बरोबर की चूक. तुमचं तिथे होतं ही माझी चूक. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. डाव्या भिंतीवर कोणी ते विचारत नाही. तिथे विचारतात, हा माणूस कोण, त्याच्याभोवती कोण होतं, त्यांना काय हवं होतं."

"हसणार नाहीत?"

"हसतील की. त्या सुभेदाराच्या पत्राला मी अजून हसतो. पण म्हणून ते गाळत नाही."

पाळकसाहेब मुलीकडे वळले. ती म्हणाली, "बाबा, थडग्यांना पुढे काय झालं असं विचारता येत नाही. तुम्हाला येतं."

म्हातारा विचारात पडला. मग काठी टेबलाला टेकवून ठेवत म्हणाला, "कार्ड काढा. पण नोंद मी सांगणार."

आणि त्या नोंदीवरून पहिल्यापेक्षा मोठं भांडण झालं. 'लेखक चुकला' हे शब्द हवेतच, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. लेकीला ते नको होते. अखेर, मांडणी चुकली म्हणायचं तर बेरीज बरोबर होती हेही आलं पाहिजे, या अटीवर ती तयार झाली. बापाला गुण मिळाले ते तेवढेच, पण हक्काचे. हेहीपहांनी प्रत्येक वाक्य लिहिताना "हे खरं ना?" असं दोघांना विचारून घेतलं. संचालकबाई आवाज ऐकून वर आल्या. त्यांचं म्हणणं पडलं, की डावी भिंत प्राचीन साधनांची आहे आणि हे पुस्तक काही प्राचीन नाही. "लेखक तर आहे," पाळकसाहेब म्हणाले. बाईंनी हात टेकले. खालच्या फळीला 'वाट पाहणारे: नंतरच्या काळातले' अशी नवी चिठ्ठी लागली आणि वाटाड्या छापायला गेला.

त्यातली ती नोंद अशी आहे:

'मिळेल: जग संपणार असं ठामपणे मानणाऱ्या एका पाळकाचा हिशोब, आणि तो खरा वाटावा अशी भाषा. बेरीज बरोबर आहे. मांडणी चुकली आहे. मिळणार नाही: पुढे काय झालं त्याची हकीकत. ती पुस्तकात नाही, लेखकापाशी आहे. लेखक चुकला होता. लेखक हयात आहे. सकाळी चहानंतर भेटतो.'

वाटाड्या बाहेर पडल्यावर पुष्कळ दिवस कोणी फिरकलं नाही. पाळकसाहेब मात्र रोज चहा झाला की दाढी करून, स्वच्छ सदरा घालून पुढच्या खोलीत बसू लागले. "कशाला हो एवढी तयारी?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला वाट बघायची सवय आहे."

मग एका सुट्टीच्या सकाळी त्यांच्या घरी एक मुलगी आली. कुठल्याशा विद्यापीठात पहिल्या मंडळ्यांवर प्रबंध लिहीत होती. पायात मळलेले बूट, हातात आमचा वाटाड्या आणि आवाज टिपून घ्यायचं एक लहानसं यंत्र. हेहीपहांनी तिला खुर्ची दिली, आणि खिडकीजवळ दुसरीही एक आहे, ती जास्त मऊ आहे, असं सुचवलं. गणिताच्या बाई दाराच्या आड उभ्या राहिल्या. बापाला सरळ विचारणारं पहिलं माणूस त्यांना बघायचं होतं. मुलीने यंत्र टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि फार अदबीने, कोणाला लागू नये अशा बेताने सुरुवात केली.

"आजोबा, जगाच्या अंताबद्दल तुमचा जो अंदाज होता, तो—"

"अंदाज नव्हता, बाळ," पाळकसाहेब म्हणाले. "खात्री होती. ते आधी लिहून घे. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही."